पीक डिस्ट्रिक्ट: गाडी नसताना डोंगर चढायला कुठून सुरुवात करावी?

गोंधळलेली_मैना
नमस्कार मंडळी. मागच्या हिवाळ्यात आम्ही मँचेस्टरला आलो. मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. दोघंही पुण्याचे, कॉलेजात असताना राजगड-तोरणा, हरिश्चंद्रगड वगैरे केलेले, त्यामुळे पाय शिवशिवताहेत. ऑफिसातले लोक दर सोमवारी पीक डिस्ट्रिक्ट या इथल्या डोंगराळ भागाच्या गप्पा मारतात. गाडी नाही आणि एवढ्यात घ्यायचीही नाही. जूनमध्ये सासू-सासरे येणार आहेत, सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात.
तर प्रश्न असे: ट्रेनने जाऊन-येऊन एका दिवसात होईल असं काय आहे? लेकीला झेपेल का? किंडर स्काउट म्हणे तिथला सगळ्यात उंच, पण तो ६३६ मीटर. म्हणजे सिंहगडाच्या निम्मासुद्धा नाही. मग लोक एवढं सामान पाठीवर घेऊन का जातात, हे नवऱ्याला पडलेलं कोडं.

एडेलची_गाडी
धागा काढलात ते बरं झालं. मँचेस्टरकरांना गाडीची गरजच नाही. मँचेस्टर पिकॅडिली ते शेफील्ड ही होप व्हॅलीची लाईन थेट डोंगरांच्या मधून जाते. एडेल, होप, बॅमफर्ड, हॅदरसेज, ग्रिंडलफर्ड अशी ओळीने स्टेशनं, आणि प्रत्येक स्टेशनाबाहेर पाय ठेवला की वाट सुरू. एडेलला पाऊण तासात पोचता. फक्त थांबत जाणारी गाडी पकडा, जलद गाड्या एडेलला थांबत नाहीत. रविवारी रुळांची कामं निघतात, त्यामुळे आदल्या रात्री वेळापत्रक बघा, आणि परतीची शेवटची गाडी कधी ते आधी बघा.
पहिल्या वेळेला माझं मत ग्रेट रिजला. एडेलला उतरा, दक्षिणेला शेतांमधून चढत हॉलिन्स क्रॉस या खिंडीत या. उजवीकडे मॅम टॉर (५१७ मीटर), तो करून त्याच धारेवरून मागे फिरा, बॅक टॉर, मग लूझ हिल (४७६ मीटर), आणि तिथून खाली होप स्टेशनला उतरा. बारा किलोमीटरच्या आसपास होतं. मोठा चढ एकदाच काय तो, मग धारेवरचे लहान चढ-उतार. डावीकडे एडेलची दरी, पलीकडे किंडरचं पठार, उजवीकडे कॅसलटन. एका स्टेशनला उतरून दुसऱ्यावर चढायचं, त्यामुळे आल्या वाटेने परत जाण्याचा कंटाळा नाही. नऊ वर्षांची मुलगी आरामात करेल, फक्त बॅक टॉरच्या कड्याजवळ हात धरा.
हॉलिन्स क्रॉसबद्दल एक गोष्ट लेकीला सांगा. एडेलला स्वतःचं चर्च नव्हतं तेव्हा गावातली मयतं याच खिंडीतून खांद्यावर घेऊन कॅसलटनच्या चर्चला न्यायचे. चढताना धाप लागली की हे आठवतं.

निवांत_नाना
मॅम टॉर म्हणजे शनिवारी तुळशीबाग. वरच्या त्रिकोणमितीच्या खांबाजवळ फोटोसाठी रांग असते आणि कुणीतरी स्पीकरवर गाणी लावून बसलेलं असतं. फरसबंदी वाट, पायऱ्या, सगळं तयार. याला डोंगर म्हणायचं असेल तर म्हणा.

एडेलची_गाडी
नाना, गर्दी मॅम निकच्या गाडीतळावरून वर येणाऱ्यांची असते, ती खांबापर्यंत येऊन परत फिरते. हॉलिन्स क्रॉसच्या पुढे लूझ हिलकडे गेलं की माणसं विरळ. आणि फरसबंदीला नावं ठेवू नका, ती नसती तर एवढ्या पायांखाली ती धार कधीच धुपून गेली असती. वर लोहयुगातल्या तटबंदीचे चर-बंधारे आहेत, दुर्गप्रेमी मंडळींना तेवढं कौतुक हवंच की.
मॅम टॉरच्या पूर्वेकडच्या पायथ्याला तुटलेला रस्ता आहे, तोही दाखवा. डोंगराची ती बाजू सतत सरकते. ए६२५ हा मोठा रस्ता पुन्हा पुन्हा दुरुस्त करून शेवटी १९७९ मध्ये वाहनांना कायमचा बंद केला. डांबराचे थर एकावर एक कलंडलेले, मधल्या पांढऱ्या रेघा हवेत. शाळेतल्या भूगोलाच्या धड्यापेक्षा पोरांना हे जास्त कळतं.

कडेलोट
मैनाताई, उंचीच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण सह्याद्रीतून आलेला प्रत्येक जण हाच हिशेब करतो. चढ म्हणाल तर आणखी कमी, एडेल गावच अडीचशे मीटरच्या आसपास आहे. तुमच्या नवऱ्याला चारशे मीटर चढायला काहीच वाटणार नाही. त्रास चढाचा नाही, वरच्या पठाराचा आहे. किंडरच्या माथ्यावर एक झाड नाही, एक आडोसा नाही. पश्चिमेकडून आयरिश समुद्रावरचे ढग येतात ते पहिले इथेच अडतात. खाली एडेलला ऊन असताना वर समोरचा माणूस दिसत नाही असं धुकं, आडवा पाऊस आणि वारा. जुलैतसुद्धा हात गारठतात. आपल्याकडे भर पावसात भिजलं तरी अंग गरम राहतं. इथे भिजला आणि थांबला की माणूस थंडीने आतून बसतो. पाठीवरचं सामान त्यासाठी: कोरडा जाडा थर, वाऱ्या-पावसाचं जाकीट, टोपी, हातमोजे. जीन्स घालून जाऊ नका, ओली झाली की वाळत नाही आणि ऊब ओढून घेते.
दुसरं, पठाराचा मधला भाग पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा. काळं, ओलं, दोन-तीन मीटर खोल चर पडलेले, सगळे एकसारखे. एकात उतरलात की बाहेरचं काही दिसत नाही. वाट कडेकडेने आहे, ती सोडू नका.
त्यामुळे किंडर करायचा तर असा: एडेलहून ग्रिंड्सब्रुक क्लफच्या घळीतून वर (शेवटी मोठे धोंडे आहेत, हात लावावे लागतात, लेकीला मजा येईल), माथ्याला लागलात की पश्चिमेकडे कडेकडेने क्राउडन टॉवर, मग वूलपॅक्स. वाऱ्याने कोरलेले प्रचंड खडक आहेत तिथे, मुलं तासभर हलत नाहीत. पुढे एडेल रॉक्स, जेकब्स लॅडरच्या दगडी पायऱ्यांनी खाली, अप्पर बूथवरून परत एडेल. चौदा किलोमीटरच्या आसपास. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये घालून दिलेला नियम इथे सगळे वापरतात: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाला एक तास. म्हणजे साडेतीन-पावणेचार तास निव्वळ चालणं. मूल, डबा, फोटो, वाटेत गप्पा धरून सहा तास मोकळे ठेवा.

भिजकं_मांजर
+१. आणि "हलक्या सरी" असं मोबाइलवर दिसलं तर ते मँचेस्टर शहराचं असतं. मेट ऑफिस (इथलं हवामान खातं) पीक डिस्ट्रिक्टसाठी डोंगरांचा वेगळा अंदाज देतं, त्यात माथ्यावरचा वारा आणि ढग किती खाली उतरणार ते असतं. तोच बघायचा.
हिवाळ्यात जाणार असाल तर डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. हेडटॉर्च. फोनचा दिवा नव्हे.

गोंधळलेली_मैना
बापरे, नवऱ्याला कडेलोट यांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तो आता गप्प आहे. :)
एक बावळट प्रश्न. नकाशावर बघितलं तर वाट चक्क शेतांमधून, एके ठिकाणी तर शेतकऱ्याच्या घरासमोरून जाते. कुणाच्या अंगणातून असं जायचं? ओरडणार नाहीत का?

गडगा
अजिबात बावळट नाही. नवीन आलेले आपले लोक नेमके इथेच अडतात आणि डांबरी रस्त्याच्या कडेकडेने चालत राहतात.
इंग्लंडमध्ये सार्वजनिक पाऊलवाट हा कायदेशीर हक्क आहे. जमीन खाजगी, पण त्यावरून जाणारी वाट सगळ्यांची. पिकातून जात असेल तरी ती मोकळी ठेवणं शेतकऱ्यावर बंधनकारक. गेटवर पिवळा बाण दिसला म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. निळा बाण असेल तर घोडे आणि सायकलीही येणार. गेट ज्या अवस्थेत सापडलं त्याच अवस्थेत सोडायचं. गडग्यांवरून चढू नका, ते बिनचुन्याचे रचलेले असतात, एक दगड निसटला की हातभर भिंत खाली येते. ओलांडायला ठरावीक जागी पायऱ्या केलेल्या असतात. घरासमोरून जाताना शेतकरी दिसला तर "मॉर्निंग" म्हणायचं, तोही म्हणतो, विषय संपला.
माथ्यावरच्या मोकळ्या माळांचं वेगळं आहे. तिथे वाट सोडूनही हिंडता येतं, पण तो हक्क २००० सालच्या कायद्याने मिळाला. आणि तोही इंग्लंडच्या सुमारे ८ टक्के जमिनीवरच. त्यामागे लढा आहे आणि तो नेमका किंडरवर झाला, म्हणून थोडं लांबण लावतो.
शंभरेक वर्षांपूर्वी किंडरचं पठार जमीनदारांच्या ताब्यात होतं. ग्राउस पक्ष्यांची शिकार वर्षातले मोजके दिवस, बाकी वर्षभर राखणदार कुणाला फिरकू देत नसत. एका बाजूला मँचेस्टर, दुसऱ्या बाजूला शेफील्ड. दोन्हीकडे गिरण्या आणि कारखान्यांत आठवडाभर धूर खाणारे कामगार, ज्यांना रविवारी डोंगर समोर दिसायचा पण चढता यायचा नाही. २४ एप्रिल १९३२ ला मँचेस्टरचा बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा पोरगा आणि सुमारे चारशे जण हेफील्डजवळच्या बोडन ब्रिजच्या दगडखाणीत जमले आणि विल्यम क्लफच्या घळीतून सरळ वर निघाले. राखणदारांशी झटापट झाली. परत येताना अटका झाल्या, पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली, रॉथमनला चार. अतिक्रमण हा फौजदारी गुन्हाच नव्हता, त्यामुळे आरोप लावले ते दंगल आणि मारहाणीसारखे. त्या शिक्षा ऐकून आधी तटस्थ असलेले लोकही चालणाऱ्यांच्या बाजूने गेले.
१९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला. १९५१ च्या एप्रिलमध्ये देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं ते पीक डिस्ट्रिक्ट. २००२ मध्ये, त्या घटनेला सत्तर वर्षं झाली तेव्हा, डेव्हनशायरच्या ड्यूकने, तेव्हा तिथले जमीनदार असलेल्या आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली.
तेव्हा बिनधास्त चाला.

चवदार
गडगा, उत्तम प्रतिसाद. वाचताना महाड आठवलं. १९२७, म्हणजे पाचच वर्षं आधी. कायद्याने तळं खुलं, ठराव झालेला, तरी प्रत्यक्ष चालत जाऊन पाणी घ्यावं लागलं.

निवांत_नाना
चवदार, ओढाताण करू नका. महाडला माणूस म्हणून मोजायचा प्रश्न होता. इथे रविवारच्या सहलीचा.

चवदार
तोलत नाहीये, नाना. किंमत वेगळी, हे मान्यच. पण पायी चालत जाणं हीच कृती आणि त्यावर मारहाण, एवढं साम्य मला दिसतं. आणि सहा दिवस गिरणीत राबणाऱ्याच्या रविवारला "सहल" म्हणणं जरा सोपं आहे.

गडगा
दोघांचंही पटतं, पण धागा मैनाताईंचा आहे, इथेच थांबू. हेफील्डहून तीच वाट आजही करता येते. किंडर रिझर्व्हॉयरच्या कडेने विल्यम क्लफ, मग माथ्यावरून किंडर डाउनफॉल. तीस मीटरचा धबधबा. पश्चिमेचा वारा जोरात असला की पाणी खाली पडायच्या ऐवजी वर उडतं, नाणेघाटात पावसाळ्यात बघितलं असेल तसंच. हेफील्डला स्टेशन मात्र नाही, न्यू मिल्सपर्यंत ट्रेन आणि पुढे बस.

लालबाग_ते_लीड्स
गिरण्यांचा विषय निघालाच आहे म्हणून. एडेलमधून पेनाइन वे हा लांब पल्ल्याचा पायी मार्ग सुरू होतो. ४३१ किलोमीटर, स्कॉटलंडच्या हद्दीत कर्क येथोमला संपतो, १९६५ मध्ये २४ एप्रिललाच खुला झाला. त्यावर ब्लॅक हिलच्या बाजूला दलदलीतून जाताना पायाखाली मोठमोठ्या दगडी लाद्या लागतात. त्यातल्या पुष्कळशा पाडलेल्या कापडगिरण्यांच्या जमिनीच्या आहेत. नीट बघितलं तर काहींना यंत्रं बसवायची भोकं दिसतात. पीटचा जो सत्यानाश झाला, त्यात याच गिरण्यांच्या धुराचा मोठा वाटा. आम्लाच्या पावसाने स्फॅग्नम शेवाळ मेलं, पीट उघडं पडलं, वाहून जायला लागलं. २००३ पासून मूर्स फॉर द फ्युचर हा उपक्रम चर बुजवून, शेवाळ पुन्हा लावून ते माळ दुरुस्त करतोय. लाद्यांवरूनच चाला म्हणतात ते त्यासाठी.
आमच्या चाळीसमोरच्या गिरणीच्या लाद्या कुठे गेल्या देव जाणे. तिथे आता काचेचा टॉवर आहे.

आजीची_काठी
सासूबाईंच्या गुडघ्यांना कुणी उत्तर दिलंच नाही, म्हणून मी देते. (मीही त्याच पक्षातली.) दक्षिणेकडचा भाग घ्या. उत्तरेचा डार्क पीक वाळूच्या खडकाचा आणि काळ्या पीटचा, दक्षिणेचा व्हाइट पीक चुनखडीचा. हिरव्या कुरणांचा, दऱ्यांचा, चालायला सौम्य. त्यात मॉन्सल ट्रेल. १९६८ मध्ये बंद झालेली रेल्वेलाईन, रूळ काढून सपाट वाट केली आहे. जवळपास चौदा किलोमीटर, पण कुठूनही परत फिरता येतं. चढ नावाला. व्हीलचेअरसुद्धा जाते. वाटेत बोगदे आहेत, २०११ मध्ये चालणाऱ्यांसाठी उघडले, दिवसा आत दिवे असतात, नातीला घेऊन गेलात तर आरोळ्या ठोकायला उत्तम. मॉन्सल हेडचा उंच पूल बांधला तेव्हा दरी नासवली म्हणून ओरड झाली होती, आता त्याच पुलाचा फोटो सगळे काढतात.
मँचेस्टरहून बक्स्टनपर्यंत ट्रेन, तिथून बेकवेलची बस. हॅसॉपच्या जुन्या स्टेशनात खाण्याची सोय आहे, स्वच्छतागृहही. हे आमच्या वयात नकाशापेक्षा महत्त्वाचं.
बेकवेलला पुडिंग मिळतं, प्रसिद्ध आहे. पण त्यात भरपूर अंडं असतं, सासूबाई खात नसतील तर आधीच सांगा, नंतर रामायण नको.
डव्हडेलच्या नदीतले दगड फोटोत फार सुंदर दिसतात, पण ट्रेनने जवळ जाता येत नाही आणि चुनखडी झिजून गुळगुळीत झाली आहे. ओली असताना गुडघेवाल्यांनी लांबूनच नमस्कार करावा.

नकाशेबहाद्दर
सगळं ठीक, पण कागदी नकाशाचं कुणी बोललं नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचे एक्सप्लोरर नकाशे: ओएल१ डार्क पीकसाठी, ओएल२४ व्हाइट पीकसाठी. १:२५,०००, प्रत्येक गडगासुद्धा दाखवलेला. हिरव्या तुटक रेघा म्हणजे हक्काच्या वाटा.

भिजकं_मांजर
अॅपमध्ये हाच नकाशा मिळतो की. कागद वाऱ्यात फडफडतो आणि पावसात लगदा होतो.

नकाशेबहाद्दर
आणि थंडीत फोनची बॅटरी चाळीस टक्क्यांवरून एकदम बसते. अॅप ठेवा, नकाशा आधीच उतरवून ठेवा कारण घळींमध्ये रेंज नसते, आणि कागद पाठपिशवीत असू द्या. होकायंत्र वापरता येत नसेल तर किंडरवर धुक्यात जाऊ नका, मग अॅप कुठलंही असो.
अडचण आलीच तर ९९९ हा आणीबाणीचा नंबर लावून आधी पोलीस मागायचे, मग "माउंटन रेस्क्यू" सांगायचं. सगळे स्वयंसेवक, पैसे घेत नाहीत. आवाजच पोचत नसेल तर ९९९ ला मेसेज करता येतो, पण त्यासाठी फोनची नोंदणी आधी करावी लागते: "register" हा इंग्रजी शब्द ९९९ ला पाठवायचा, उत्तर येतं, त्यातल्या सूचनांप्रमाणे नोंदणी पूर्ण करायची. हे आत्ता घरी बसून करा. शिट्टीचा संकेत: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

कडेलोट
गायींचं राहिलं. हसू नका, आपल्याला गाय म्हणजे गरीब वाटते. इथे वासरं बरोबर असलेला कळप अंगावर येऊ शकतो, विशेषतः कुत्रा बरोबर असेल तर. माय आणि वासराच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घ्यायचा, पळायचं नाही. कुत्रा असेल आणि गाय धावून आली तर कुत्रा सोडून द्यायचा, तो स्वतःला वाचवतो. लेकीला "हंबा" करत पुढे जाऊ देऊ नका. एरवीही माळांवर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा दोरीवरच हवा, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा विणीचा काळ असतो.

निवांत_नाना
नवऱ्याला "माथ्यावर तंबू ठोकून राहू, रात्री शेकोटी करू" असं सुचण्याआधी सांगून ठेवतो: मालकाच्या परवानगीशिवाय इथे मुक्काम चालत नाही. शेकोटीचा तर विचारही नको. २०१८ मध्ये सॅडलवर्थचा माळ पेटला होता, लष्कर बोलवावं लागलं. पीटची आग जमिनीखाली धुमसते, विझता विझत नाही.
बाकी गर्दी टाळायची तर हॅदरसेजला उतरून स्टॅनेज एज. लांबच लांब खडकाची धार, खाली काम अर्ध्यावर टाकून सोडून दिलेले जात्याच्या दगडांचे ढीग. उद्यानाचं बोधचिन्ह तेच आहे. ऑगस्टच्या मध्याला हेदरचं झुडूप फुलतं, अख्खा माळ जांभळा. आणि जुलै-ऑगस्टात बिलबेरी पिकतात, करवंदांसारख्या हात-तोंड रंगवणाऱ्या.

गोंधळलेली_मैना
सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठरलं ते असं: येत्या कोरड्या शनिवारी आम्ही तिघं ग्रेट रिज, एडेल ते होप. ९९९ ची नोंदणी आत्ताच केली, उत्तर आलंसुद्धा. सासू-सासरे आले की मॉन्सल ट्रेल, आणि सासूबाईंसाठी बेकवेलला चहा-स्कोन, अंड्याची चौकशी करून. नवऱ्याने ओएल१ मागवला आहे आणि रोज रात्री जेवणाच्या टेबलावर पसरून बसतो, पोळ्या ठेवायला जागा नाही. किंडर त्याला सप्टेंबरात करायचाय.
डब्यात काय नेता तुम्ही लोक? आणि होपला उतरल्यावर गाडीला वेळ असेल तर बसायला काही आहे का?

एडेलची_गाडी
दशम्या, लसणाची चटणी, उकडलेला बटाटा आणि गूळ-शेंगदाण्याचे लाडू. सँडविच वाऱ्यात उघडलं की पान-पान वेगळं उडतं. थर्मासमध्ये चहा, त्याला पर्याय नाही.
होप गाव स्टेशनपासून पंधरा मिनिटांवर आहे, तिथे पब आणि कॅफे आहेत. लूझ हिलवरून उतरताना आधी गाव लागतं, मग स्टेशन, त्यामुळे खाणं-पिणं गावातच उरका. फलाटावर काही नाही. पबमध्ये चिखलाच्या बुटांना सहसा कुणी हरकत घेत नाही, पण दारातच विचारा.

आजीची_काठी
आणि मैना, लेकीचे जास्तीचे मोजे दोन जोड. एक जोड हॉलिन्स क्रॉसच्या आधीच ओला होणार, लिहून ठेव.